क्रोशाचं प्रवाळ: बेळगावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडगाव, शहापूर, टिळकवाडी आणि खानापूरकडच्या काही जणी मिळून आम्ही क्रोशानं समुद्रातलं प्रवाळ विणतो. बघायला येणारे तेच तेच विचारतात. सुई खाली ठेवून उत्तर द्यायचं म्हणजे टाके मोजायचे राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय.

हे नेमकं काय आहे? टीव्हीवर घालायचा रुमाल तर दिसत नाही.

रुमाल नाही, तोरण नाही, बाळंतविड्यातलं टोपरंही नाही. हे एक विशिष्ट गणिती पृष्ठ आहे, त्याला हायपरबोलिक म्हणतात. कड वाढत जाते, आत मावत नाही, मग वळ्या पडतात, दुमडते, फुलते. समुद्रातली कितीतरी प्रवाळं, शेवाळं आणि कवच नसलेल्या गोगलगायी याच आकाराच्या असतात. असे पुष्कळ तुकडे एकत्र मांडले की प्रवाळाची बाग दिसायला लागते.

ही कल्पना तुमचीच का?

नाही हो. डाइना टाइमिन्या या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना १९९७ मध्ये त्यांनी हे पृष्ठ पहिल्यांदा क्रोशावर विणलं. त्याआधी विल्यम थर्स्टन या मोठ्या गणितज्ञानं सुचवलेली कागदी प्रतिकृती वापरात होती. कागदाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या, आणि वर्गात चार हातांतून फिरली की ती फाटायची. टाइमिन्याबाईंनी आधी दोन सुयांवर विणून पाहिलं, पण टाके इतके वाढायला लागले की सुईवर मावेनात. क्रोशात सुईवर एका वेळी एकच फास जिवंत असतो, बाकीचे सगळे मागे पक्के झालेले असतात. म्हणून टाके हजारावर गेले तरी हाताला त्याचं ओझं नाही. दोन सुयांवर स्वेटर विणलेल्या कुठल्याही बाईला हे कारण लगेच पटतं.

त्यानंतर २००५ मध्ये मार्गारेट आणि ख्रिस्तीन वर्टहाइम या जुळ्या बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये हे विणकाम प्रवाळाकडे वळवलं. बहिणी मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, म्हणजे ज्याच्या किनाऱ्याला ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळभित्ती आहे त्या राज्याच्या. मार्गारेट विज्ञानावर लिहितात, ख्रिस्तीन कलावंत. त्यांची संस्था इन्स्टिट्यूट फॉर फिगरिंग. काम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आणि २०१९ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात मांडलं गेलं. जर्मनीत बाडेन-बाडेनला २०२२ मध्ये झालेल्या प्रदर्शनात चार हजारांहून जास्त लोकांनी विणलेली सुमारे ४०,००० प्रवाळं होती. गावोगावच्या लोकांनी आपापली रीफ करावी ही कल्पनाही त्यांचीच. आमचं काम आमच्या आवडीचं, त्यांच्या प्रदर्शनाचा भाग नाही. पण वाट त्यांनी दाखवली, हे सांगायलाच पाहिजे.

गणित कुठं आलं यात?

हा प्रश्न आला की जरा बसून घ्या, उत्तर लांब आहे.

गोल रुमाल विणताना मधे सहा मुके खांब (क्रोशाचा साधा, बुटका टाका) घेतो. पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहाच वाढवायचे. रुमाल टेबलावर सपाट बसतो. सहापेक्षा कमी वाढवले, किंवा वाढवणं थांबवलंच, तर तो वर उचलला जातो आणि टोपरं होतं. इतकं आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. सपाट म्हणजे युक्लिडची, शाळेतली भूमिती, टोपरं म्हणजे गोलाची भूमिती.

आता तिसरी गंमत. दर फेरीला ठरलेला आकडा न वाढवता ठरलेलं प्रमाण वाढवायचं. समजा, पाच टाक्यांचे सहा. पुढच्या ओळीत पुन्हा पाचाचे सहा. सुरुवातीला विशेष काही होत नाही. २० टाक्यांनी सुरू केलं तर दहा ओळींनंतर साधारण १२४ टाके होतात, वीस ओळींनंतर ७६७ आणि तीस ओळींनंतर पावणेपाच हजार. चक्रवाढ व्याजाचा हा हिशेब, पतसंस्थेच्या पासबुकातला. एवढ्या टाक्यांना सपाट जागेत बसायला जागाच नसते, म्हणून कड वळ्या घेते.

इथे एक बारीक मेख आहे. काही जणी दर फेरीला सहाऐवजी बारा वाढवतात आणि झालर पडली म्हणून खूश होतात. दिसायला छान, पण ते हायपरबोलिक नव्हे. तिथं सगळा वाकडेपणा मधल्या ठिपक्यात जमा होतो, बाकीचा भाग खरं तर सपाटच असतो. खऱ्या हायपरबोलिक पृष्ठात वाकडेपणा प्रत्येक ठिकाणी सारखा असतो. म्हणून प्रमाण मोडायचं नाही.

याचा युक्लिडशी काय संबंध? दहावीच्या भूमितीत हे नव्हतं.

होतं, पण उलट बाजूनं. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते, हे आपण पाठ केलं. युक्लिडच्या पाचव्या गृहीतकाचं हे सोपं रूप. दोन हजार वर्षं लोक ते इतर गृहीतकांवरून सिद्ध करायला धडपडले. शेवटी रशियातल्या लोबाचेव्हस्कींनी १८२९ मध्ये आणि हंगेरीच्या यानोश बोल्याई यांनी १८३२ मध्ये, एकमेकांना ठाऊक नसताना, दाखवलं की ते गृहीतक सोडूनही सुसंगत भूमिती उभी राहते. त्या हायपरबोलिक भूमितीत एका बिंदूतून कितीही समांतर रेषा निघतात, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. त्रिकोण जितका मोठा, तितकी बेरीज कमी.

गंमत अशी की गणितज्ञ कागदावर हे मानत होते, पण हातात धरून बघायला त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. डाव्हिड हिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये सिद्ध केलं की असं संपूर्ण, कुठेही न संपणारं गुळगुळीत पृष्ठ आपल्या त्रिमितीत बसूच शकत नाही. आपण विणतो तो त्याचा एक तुकडा. हा तुकडा समजायला बायकांचं हातकाम कामी आलं, आणि हे सांगताना आमच्यातल्या निवृत्त गणित शिक्षिका अक्कांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे नुसतं ऐकून पटत नाही. दाखवता येईल का?

येईल, आणि हेच मला सगळ्यात आवडतं. विणलेला तुकडा घ्या, घडी घालून दाबा. घडीची रेघ म्हणजे त्या पृष्ठावरची सरळ रेषा. तिच्यावरून वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं धावदोरा घाला. आता त्या रेषेबाहेर एक टाका निवडा आणि त्यातून जाणाऱ्या, पण पहिल्या रेषेला न छेदणाऱ्या तीन-चार घड्या घाला, प्रत्येकीवर धावदोरा. तुकडा उघडून बघा. त्या सगळ्या रेषा एकाच टाक्यातून जातात, आणि पहिलीला मात्र एकही भेटत नाही. कडेकडेला गेल्या की उलट लांबच पळतात.

तीन घड्यांचा त्रिकोण करून कोन बघा. निमुळते, चिंचोळे कोन दिसतील. कंपासपेटीतला कोनमापक लावला तर बेरीज १८० ला पोचत नाही. शाळेतल्या मुलांना हे भारी वाटतं, कारण पुस्तकातला नियम त्यांच्या हातातच मोडतो.

गणित येत नाही. क्रोशाही येत नाही. येऊ का?

या की. साखळी आणि मुका खांब एवढंच लागतं. ते एका दुपारी येतं. पाचापर्यंत मोजता आलं की गणित झालं. पुरुषांनाही बंदी नाही. शहापूर-वडगाव म्हणजे विणकरांचं गाव, इथं मागावर बसलेल्या पुरुषांच्या पिढ्या गेल्या. त्यांना धाग्याचा ताण आपल्यापेक्षा जास्त कळतो.

सुरुवात कशी करायची?

साडेतीन किंवा चार मिलिमीटरची सुई आणि जरा ताठ लोकर घ्या. मऊ लोकर प्रवाळाला कामाची नाही, ती लोळते. वीसेक साखळ्या घाला. प्रत्येक साखळीत एक मुका खांब, पण दर पाचव्या साखळीत दोन. ओळ संपली की एक साखळी घालून काम वळवा आणि तेच पुन्हा. घट्ट विणा. सैल हाताच्या बायकांनी एक नंबर बारीक सुई घ्यावी.

घाई असेल तर दर दुसऱ्या टाक्यात वाढवा, लगेच फुलतं. मात्र लोकर भराभरा संपते आणि गणिताचा धावदोरा घालायला जागा उरत नाही. सावकाश वाढणारा तुकडा रेषा दाखवायला, पटकन वाढणारा तुकडा प्रवाळ म्हणून मांडायला, असे दोन्ही करून ठेवा.

एकदा नियम हातात बसला की तो मुद्दाम बिघडवा. इथं पाचाचे सहा, तिथं तिनाचे चार, मधेच चार ओळी वाढच नाही. निसर्गात कुठलंही प्रवाळ सूत्राबरहुकूम वाढत नाही. वर्टहाइम बहिणींनाही नियम सैल सोडल्यावरच खऱ्या जिवंत वाटणाऱ्या आकृती मिळायला लागल्या. आधी बिघडवू नका मात्र. आधी शिस्त.

प्रवाळ म्हणजे समुद्रातलं झाड ना?

नाही, प्राणी. इवल्या इवल्या जीवांची वस्ती. ते चुनखडीचं घर बांधतात आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाळ राहतं. शैवाळ उन्हावर अन्न तयार करतं, आणि प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश वाटा तिथूनच मिळतो. रंगही बराचसा शैवाळाचाच. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाळ बाहेर पडतं. मग प्रवाळ पांढरं दिसायला लागतं. पांढरं म्हणजे लगेच मेलं असं नाही, उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर सावरतं. नाही निवलं तर मरतं.

समुद्रतळाच्या एका टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळ आहे, पण समुद्रातल्या सुमारे पाव प्रजाती कधी ना कधी त्याच्या आश्रयाला येतात. जगभर एकाच वेळी प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी घटना एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली. म्हणून आमच्या मांडणीत एक कोपरा नुसत्या पांढऱ्या सुताचा आहे. लोकांना तोच सगळ्यात सुंदर वाटतो, फोटो तिथंच काढतात. ते उपाशी, मरायला टेकलेलं प्रवाळ आहे असं सांगितलं की क्षणभर गप्प होतात आणि मग पुन्हा फोटो काढतात.

बेळगावात समुद्र कुठाय? इथं बसून समुद्राची काळजी कशाला?

हा प्रश्न थट्टेनं विचारतात, पण चांगला आहे. नकाशा काढून खानापूर तालुका बघा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलाकडे, देगावजवळ म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला जाते, गोव्यात तिला मांडवी म्हणतात आणि पणजीपाशी ती अरबी समुद्राला मिळते. मलप्रभा कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. एकाच तालुक्यावरचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. बेळगावजवळून वाहणारी मार्कंडेय घटप्रभेत जाते, निपाणी-चिकोडीकडची वेदगंगा-दूधगंगाही कृष्णेतच.

पण इथं उगाच भावनेच्या भरात बोलायला नको. मलप्रभेत टाकलेली पिशवी सरळ बंगालच्या उपसागरात पोचते असं नाही. सौंदत्तीजवळ नवीलतीर्थाचं धरण आहे, पुढे नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा बंधारा. बरंचसं प्लास्टिक वाटेतच अडकतं, गाळात जातं, जनावरांच्या पोटात जातं. म्हादईचा रस्ता मात्र आखूड आणि उताराचा. चोर्ला घाटात गाडी थांबवून दरीत भिरकावलेला वेफर्सचा पुडा एका पावसाळ्यात कुठवर जाईल याचा विचार, गोव्याला जाणाऱ्या बेळगावकरांनी करायला हरकत नाही.

आणि कारवार विसरलात का? सीमाभागातलं ते गाव तर समुद्रावरच आहे.

लोकर म्हणजे प्लास्टिकच ना? मग हे कसलं समुद्र वाचवणं?

शेवटी कुणीतरी विचारलं. होय. बाजारात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात त्यातले बहुतेक ॲक्रिलिकचे. मेंढीचा त्यांच्याशी संबंध नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं, तेव्हा सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटतील असा अंदाज निघाला. ते सांडपाण्यातून पुढे जातात, आणि पुढे म्हणजे कुठं ते वर लिहिलंच आहे.

त्यामुळे आमच्यात एक नियम केलाय, आणि तो सगळ्यांना आवडत नाही. प्रवाळासाठी नवीन ॲक्रिलिक लोकर विकत आणायची नाही. घरात पडून असलेले लोकरीचे गुंडे चालतील. जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर चालेल, तिला पडलेल्या वळ्या तर प्रवाळाला शोभूनच दिसतात. वडगावात मागावरचं उरलेलं सूत आणि साडीच्या कडांचे तुकडे कुणाकुणाकडे असतात. धागा बारीक असतो, तो सहा-आठ पदरी करून घ्यायचा. सुतळी चालते. क्रोशाचा सुती दोरा विकत घेतला तरी चालेल.

रंग मिळत नाहीत अशी तक्रार येते. खरी आहे. उरलेल्या लोकरीत बाळाचा गुलाबी आणि शाळेच्या स्वेटरचा निळा हेच दोन रंग फार. मग निळं-गुलाबी प्रवाळ करायचं. समुद्रात तेही असतं.

दुधाच्या पिशव्यांचंही विणता असं ऐकलं.

हो. पिशवी आधी साबणानं धुवायची, नीट. न धुतलेल्या पिशवीचा वास दोन दिवसांत सगळ्या खोलीला कळतो. वाळली की वरची-खालची शिवण कापून टाकायची आणि उरलेल्या नळीच्या दोन बोटं रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापायच्या. प्रत्येक पट्टी म्हणजे एक कडं. कड्यात कडं अडकवून ओढलं की लांब दोरा तयार. सुई सहा मिलिमीटरची घ्या, हात दुखतो, एका बैठकीत फार करू नका. सामानाच्या पातळ पिशव्यांचा दोरा जास्त मऊ होतो. कर्नाटकात त्यांच्यावर २०१६ पासून बंदी आहे, पण बाजारात फेरफटका मारला की कच्चा माल कमी पडणार नाही याची खात्री पटते.

वर्टहाइम बहिणींनीही प्लास्टिकचं वेगळं प्रवाळ केलंय, आणि स्वतःच्या घरातलं प्लास्टिक काही वर्षं साठवून ठेवलं होतं. आमच्यातल्या एकीनं महिनाभर तसं करून बघितलं. नवरा म्हणाला, एवढं आपण खातो?

याने प्रवाळ वाचणार आहे का?

नाही. एकही नाही.

प्रवाळाचा मुख्य शत्रू तापलेलं पाणी आहे, आणि पाणी तापतंय ते कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यामुळे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळानं २०१८ च्या अहवालात म्हटलंय की पृथ्वी दीड अंशानं तापली तर प्रवाळ आणखी ७० ते ९० टक्के घटेल, दोन अंशांनी तापली तर ९९ टक्क्यांहून जास्त. प्लास्टिक त्यात भर घालतं. आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळभित्तींच्या २०१८ मधल्या अभ्यासात, प्लास्टिक अडकलेल्या प्रवाळाला रोग होण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेलेली दिसली. म्हणजे पिशवी महत्त्वाची आहे, पण पिशवी उचलली की काम झालं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग विणायचं कशाला? मला विचाराल तर, लक्ष द्यायची सवय लागते म्हणून. बशीएवढं प्रवाळ विणायला कितीतरी संध्याकाळी जातात, आणि तेवढा वेळ ती बाई प्रवाळाबद्दल बोलत असते, वाचत असते, शेजारणीला सांगत असते. भाषणानं हे होत नाही. याहून मोठा दावा आम्ही करत नाही, आणि प्रदर्शनाच्या फलकावर ‘समुद्र वाचवा’ असं लिहायला आमच्यातल्या निम्म्या जणींचा विरोध आहे. त्यावर अजून भांडण चालू आहे.

खरं प्रवाळ जवळ कुठं बघायला मिळेल?

मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात प्रवाळ आहे आणि तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आपल्याच राज्यात, म्हणजे कर्नाटकात, मुरुडेश्वरजवळच्या समुद्रात नेत्राणी बेट आहे. पाण्यात उतरलात तर प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका, नावाड्याला नांगर प्रवाळावर टाकू देऊ नका. तुकडा घरी आणणं तर सोडूनच द्या. भित्ती बांधणारं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर विणलेलं ठेवा.

ज्योतिषी पोवळ्याची अंगठी सांगतात, ते हेच का?

दूरचं नातं आहे. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातून आलेलं, ते फार हळू वाढतं आणि अशा भित्ती बांधत नाही. मंगळाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

शाळेत येऊन दाखवाल का?

येतो. आठवी-नववीचा वर्ग बरा. मराठी शाळा असो की कन्नड, अडत नाही. आमच्यातल्या निम्म्या जणी टाके ‘ओंदु, एरडु’ करत मोजतात आणि निम्म्या ‘एक, दोन’, आणि मधेच हाक मारली तर दोघींचाही हिशेब सारखाच चुकतो. मुलांना सुया आधीच द्या, शिक्षकांना नंतर. शिक्षक विणायला लागले की तास संपल्याची घंटा ऐकत नाहीत.

विकत मिळेल का? ऑर्डर घेता का?

नाही. एका तुकड्याला लागणाऱ्या तासांची मजुरी धरली तर किंमत ऐकून तुम्ही हसाल, आणि मजुरी न धरता विकायला आम्ही तयार नाही. शिकायला या, स्वतःचं करा.

धूळ बसली तर धुवायचं का?

ॲक्रिलिकचं असेल तर शक्यतो नाही, कारण तंतूंचं वर सांगितलंच. उन्हात झटका, मऊ ब्रशनं झाडा. सुती असेल तर थंड पाण्यात बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि वळ्या बोटांनी सारख्या करून सावलीत वाळवा. प्लास्टिकचं असेल तर नळाखाली धरलं की झालं.